आरसकुंडाचं हिरवं पाणी

केतकी खंदारेने तोच आलेख तिसऱ्यांदा काढायला लावला तेव्हा इम्तियाज वैतागला.

"यंत्र चुकत नाहीये, बाई. मी दोनदा नमुने बदलले. तुला जे बघायचं नाहीये तेच दिसतंय, एवढाच काय तो प्रॉब्लेम."

पडद्यावर दोन रेघा होत्या. निळी पावसाची आणि तांबडी माणसांची. केतकीची नजर तांबड्या रेघेवरून हलत नव्हती.

पैनगंगेच्या खोऱ्यातल्या आरसकुंडाच्या तळातून त्यांनी वर्षभरापूर्वी गाळाचा एक लांबच लांब दंडगोल काढून पुण्याच्या प्रयोगशाळेत आणला होता. आरसकुंड हे विलक्षण तळं. बशीसारखं पसरट नाही, रांजणासारखं खोल. तळाशी प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे तिथे किडे नाहीत, अळ्या नाहीत, गाळ ढवळणारं कुणीच नाही. पावसाळ्यात वाहून आलेली तपकिरी माती खाली बसते, उन्हाळ्यात तिच्यावर फिकट थर चढतो. एक गडद, एक फिकट, झालं एक वर्ष. अशी चार हजार वर्षं तिथे एकावर एक निजून होती. जगभरातले लोक असे थर पूर्वीपासून वाचत आलेत, पण ढोबळपणे. दहावीस वर्षं एकमेकांत मिसळूनच हाती यायची. इम्तियाजने बांधलेल्या यंत्राने ती अडचण दूर केली. त्याचा लेसर केसाहून पातळ थर जाळायचा आणि त्या वाफेतले रेणू ओळखायचा. झाडांच्या पानांवर मेणाचा जो पातळ लेप असतो, त्यातल्या हायड्रोजनवरून त्या वर्षी पाऊस किती झाला ते कळायचं. आणि माणसाच्या आतड्यात तयार होणारा एक रेणू असा आहे की तो हजारो वर्षं कुजत नाही. गुरांचा वेगळा, माणसाचा वेगळा. तो जितका जास्त, तितकी काठावर वस्ती जास्त.

"थोडक्यात, बापजादे परसाकडेला कुठे बसत होते त्यावरून त्यांची शिरगणती," इम्तियाज पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

आज तो हसत नव्हता.

चार हजार वर्षांत आरसकुंडाने पाच महादुष्काळ पाहिले होते. एखाददुसऱ्या वर्षाचे नव्हेत. ज्यात जन्मलेलं मूल पाऊस म्हणजे काय हे न बघता मोठं होईल, असे. केतकीने धरून ठेवलं होतं की निळी रेघ खाली गेली की तिच्यामागोमाग तांबडीही जाईल. पाणी आटलं, माणसं गेली, साधा हिशेब. पण पाचही वेळा माणसं आधी गेली होती. निळी रेघ उंचावर होती, तळं काठोकाठ भरलेलं होतं, सलग चार-पाच वर्षं भरघोस पाऊस झाला होता, आणि नेमक्या त्याच दिवसांत तांबडी रेघ तुटून तळाला आपटत होती. दुष्काळ सुरू झाला तेव्हा तो सोसायला काठावर कुणी उरलंच नव्हतं.

"त्यांना कळलं होतं," केतकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "इम्तियाज, पाचही वेळा त्यांना आधी कळलं होतं."

"कुणी सांगितलं?"

एक गोष्ट मात्र तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतः आरसगावची होती, त्या तळ्याच्या काठी वाढलेली. गेली चार वर्षं तिच्या गावात असा पाऊस पडत होता की म्हाताऱ्यांनाही तसा आठवत नव्हता.

*

दुष्काळाआधी भरघोस पाऊस का, याचा उलगडा त्यामानाने सोपा होता. पश्चिमेचा समुद्र तापू लागला की आधी जास्त वाफ देतो आणि काही वर्षं ढगफुटीसारखा पाऊस पाडतो. पण मोसमी वारे आत येतात ते जमीन आणि समुद्र यांच्या तापमानात फरक असतो म्हणून. जमीन जास्त तापते, समुद्र कमी, आणि त्या ओढीने वारा पाणी घेऊन आत शिरतो. समुद्र तापत तापत जमिनीची बरोबरी करायला लागला की ती ओढच मरते. मरायच्या आधी मात्र ती जोरात असल्यासारखी भासते. पूर्वी हे शेकडो वर्षांतून एकदा, निसर्गाच्या आपल्या चालीने व्हायचं. आता समुद्र कसा आणि कशामुळे तापतोय हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

माणसांचं कोडं मात्र आठवडाभर सुटलं नाही. केतकीने राख तपासली. आग लागली नव्हती. परागकण तपासले, पिकं बुडाली नव्हती. शेवटी तिने इम्तियाजला नीलहरित शेवाळाची रंगद्रव्यं मोजायला लावली. त्या शेवाळाशी तिचा घरचा संबंध होता.

तिसरी रेघ हिरवी आली. पाचही महादुष्काळांच्या आधी, नेमक्या त्या भरल्या वर्षांत, ती सरळ सोट वर चढली होती. जिथे हिरवी चढली तिथेच तांबडी कोसळली होती.

केतकीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. आता सगळं दिसत होतं. अतिपावसाने रानातली सुपीक माती तळ्यात येते, काठावरची झाडंझुडपं बुडून कुजतात, वरचं पाणी तापतं आणि विषारी शेवाळ माजतं. पाणी हिरवं होतं, सडक्या वासाने काठावर उभं राहवत नाही, गुरं पाणी पिऊन जागेवर बसतात ती उठत नाहीत. मग माणसं बाडबिस्तरा उचलतात आणि निघतात. पुढे दुष्काळ येणार आहे हे त्यांच्या गावीही नसेल. ती नासलेल्या पाण्याला कंटाळून गेली, आणि म्हणून वाचली.

"आणि आपल्याकडे?" इम्तियाजने विचारलं. "आरसकुंड चार वर्षं हिरवंगार आहे. मग गावातलं कुणी हललं कसं नाही?"

"कारण पाणी साफ करून मिळतं," केतकी म्हणाली. "बाबांनी प्लांट बांधलाय."

*

आठ वर्षांपूर्वी, शेवाळ पहिल्यांदा, एका उन्हाळ्यापुरतं आलं तेव्हा, नुसती क्लोरीनची पूड टाकलेलं पाणी आरसगावच्या नळांना यायचं. त्या उन्हाळ्यात यकृत निकामी होऊन गावात काही माणसं दगावली. केतकीची आई मालती त्यांत होती. त्र्यंबक खंदारे तेव्हाही नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याचे अभियंता होते, आणि ते पाणी त्यांनीच सोडलेलं होतं. बायकोचं तेरावं झाल्यावर ते कामावर गेले ते जणू परत घरी आलेच नाहीत. प्रयोगशाळा पालथ्या घातल्या, शेवाळाचं विष खाणारे जिवाणू मिळवले, त्यांची गाळणी उभी केली, तिच्यापुढे वाळूची, तिच्यापुढे रंग आणि वास शोषणारी कोळशाची. तळ्याला कुंपण घातलं. तेव्हापासून आरसगावात पाण्याने कुणी आजारी पडलं नव्हतं. लोक घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याचा पेला पुढे करताना "खंदारे साहेबांचं पाणी" म्हणायचे.

केतकी गावी पोचली तेव्हा त्र्यंबकराव प्लांटवरच होते. कोळशाच्या टाकीवरच्या जाळीवर उभं राहून ते खाली पाण्यात बघत होते, देवळात गाभाऱ्याकडे बघावं तसे. तिने तिथेच, पंपांच्या आवाजात, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे पाणी खराब झालं म्हणून लोक गेले, आणि गेले म्हणून जगले?"

"हो."

"आणि मी ते चांगलं करतो."

"बाबा, मला तसं म्हणायचं नव्हतं—"

"तसंच आहे ते." त्यांनी कठड्यावरचा हात काढला. "हा दुष्काळ कधी येईल?"

"पुढच्या पावसाळ्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या. याहून लांब जाणार नाही."

पुढच्या मंगळवारी नगरपरिषदेच्या सभागृहात केतकीने तिन्ही रेघा मोठ्या पडद्यावर दाखवल्या. नगराध्यक्षा नंदाताई जुमडे शांतपणे ऐकत होत्या. पन्नाशीची, ठसठशीत कुंकू लावणारी, गावाची नाडी ओळखणारी बाई. मालतीची मैत्रीण. केतकीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

"केतकी, तू हुशार हाय, मले काई शंका नाई," त्या म्हणाल्या. "पण खिडकीतून बाहेर पाय. तळं भरलेलं हाय. ऊस उभा हाय. पुढच्या साली नव्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटणार. आन् म्या लोकाइले काय सांगू? पाणी लय झालं म्हणून गाव सोडा?"

सभागृहात हशा पिकला. दुष्टपणाचा नव्हता तो, सुटकेचा होता. तो ऐकून केतकी आतून गार पडली. समोरची माणसं वेडी नव्हती, आडमुठीही नव्हती. त्यांच्या घरच्या नळाला स्वच्छ, थंड, बिनवासाचं पाणी येत होतं, आणि त्यापुढे तिच्या चार हजार वर्षांची काही किंमत नव्हती.

जिल्ह्याच्या कार्यालयाने अहवाल घेतला, अभ्यास समिती नेमायचं आश्वासन दिलं आणि आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना केतकी म्हणाली, "बाबा, प्लांट बंद करा."

त्र्यंबकरावांनी कप खाली ठेवला.

"आठच दिवस. प्यायचं पाणी टँकरने आणू. नळाला मात्र जे तळ्यात आहे ते येऊ दे. मी कितीही बोलले तरी ऐकणार नाहीत, वास आला की ऐकतील."

"तुझी आई त्या पाण्याने गेली."

"मला माहीत आहे."

"नाही, तुला माहीत नाही. तू पुण्याला होतीस." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "नळाला आलेलं पाणी माणूस पितोच, केतकी. टँकर असला तरी पितो. लेकरू तोंड लावतं. तू आठ दिवस म्हणतेस. तुझी आई तीन दिवसांत पिवळी पडली होती."

केतकी आपल्याच बोलण्याने हादरली होती. गाव वाचवायचं म्हणून आपण गावाला विष पाजायला निघालो होतो, तेही चहा पिता पिता, आणि समोर कोण बसलंय हेही आपल्या ध्यानात राहिलं नव्हतं. तिने माफी मागायला तोंड उघडलं, पण त्र्यंबकराव उठून गेले होते. दुपारच्या गाडीने ती पुण्याला परतली. त्यानंतर चार महिने बापलेकीचं बोलणं झालं ते जेवलात का, जेवलीस का, एवढंच.

*

फेब्रुवारीत एका दुपारी नंदाताईंचा फोन आला. त्या ओरडत होत्या.

"तुह्या बापाले येड लागलं का? आख्ख्या गावात हिरवं पाणी येऊन राह्यलं! सडक्या मासळीसारखा वास! बाया घागरी घेऊन माह्या दारात उभ्या हायेत!"

मी सांगितलं म्हणून. माझ्यामुळे. पुण्याहून आरसगावपर्यंतच्या प्रवासात तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मधे तिने सरकारी दवाखान्यात तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की एकही रुग्ण आलेला नाही. तिला ते खरं वाटेना.

प्लांटच्या फाटकासमोर ही गर्दी जमली होती. फाटकाच्या आतल्या बाजूला एक लाकडी टेबल, त्यावर काचेचा जार, आणि मागे खुर्चीवर त्र्यंबकराव. जारमधलं पाणी हिरवट होतं. टेबलाला एक फळा टेकवला होता आणि त्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात त्या दिवशीचा तपासणीचा निकाल: विष, शून्य. केतकी गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"बाबा, काय केलंत हे?"

"बस," ते म्हणाले. मग तिच्यासाठी आणि फाटकाबाहेरच्या सगळ्यांसाठी मोठ्याने सांगू लागले. "प्लांटमध्ये तीन गाळण्या आहेत. पहिली विष मारते. ती चालू आहे. ती मी जिवंत असेपर्यंत बंद होणार नाही. दुसरी वाळूची, तीही चालू आहे. तिसरी कोळशाची. ती फक्त रंग आणि वास काढते. तिचं काम एवढंच की तुम्हाला पाणी आवडावं. ती मी बंद केलीय."

त्यांनी जारमधलं पाणी पेल्यात ओतलं आणि सगळ्यांदेखत प्यायले. वासाने त्यांचा चेहरा आक्रसला, पण पेला रिकामा केला.

"खंदारे साहेब, तुम्ही आमचा विश्वासघात केला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"चार वर्षं केला," त्र्यंबकराव म्हणाले. "तळं सडत होतं आणि मी तुम्हाला आरशासारखं पाणी पाजत होतो. आता तळ्यात काय आहे ते तुमच्या पेल्यात दिसतंय. विष नाही, पण खरं आहे. आणि कुंपणाचं कुलूप मी काढलंय. जा, बघून या."

लोक शिव्या देत पांगले. काहींनी फाटकावर चपला फेकल्या. पण बरेचसे तळ्याकडे वळले. केतकीही त्यांच्यामागे गेली. कुंपण घातल्यापासून गावाचं तळ्याकडे जाणंच सुटलं होतं. तळं म्हणजे नळ, एवढंच नातं उरलं होतं. चढाव चढून लोक काठावर आले आणि बोलणं एकदम थांबलं.

साय धरलेल्या दुधासारखं तळं हिरव्या जाड थराने झाकलं होतं. काठाला मेलेल्या माशांची पांढरी रांग लागली होती. एक रानडुक्कर अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर फुगून पडलं होतं. कुठे पाखरू नव्हतं. एका बाईने पदर नाकाला लावला आणि तशीच खाली बसली. एक म्हातारा सारखा म्हणत होता, "हे आपुन पिऊन राह्यलो? हे?"

हशा पिकवणाऱ्या सभागृहातली पुष्कळ माणसं तिथे होती. आज कुणी हसलं नाही.

त्र्यंबकरावांना नगरपरिषदेने आठवड्याच्या आत निलंबित केलं. नवा अभियंता आला आणि त्याने पहिल्याच दिवशी कोळशाची गाळणी सुरू केली. नळाला पुन्हा स्वच्छ पाणी आलं. पण बघितलेलं तळं कुणाच्या डोळ्यांसमोरून हटेना.

निलंबनाच्या तिसऱ्या दिवशी नंदाताई खंदाऱ्यांच्या घरी आल्या. पायरीवरच बसल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"सायबांच्या निलंबनावर सही म्या केली. करा लागली," त्या केतकीला म्हणाल्या. "आता मले त्या रेघा पुन्हा दाखव. पण अशा दाखव की मले दुसऱ्याले सांगता आल्या पाहिजेत."

केतकीने फोनवर तिन्ही रेघा काढल्या. नंदाताईंनी हिरव्या रेघेवर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. जिथे तांबडी तुटत होती तिथे बोट थांबलं.

"इथं आपुन हावो?"

"हो."

"मंग ते लोक इथून कुठं गेले?"

हा प्रश्न केतकीला इतक्या दिवसांत कुणी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही विचारला नव्हता.

*

उत्तर इम्तियाजने शोधलं. वैनगंगेच्या काठी, पार पूर्वेला, एका जुन्या तलावाचा गाळ दुसऱ्या एका संस्थेकडे पडून होता. त्याने तो मागवून आपल्या यंत्राखाली घातला. तिकडचा पाऊस बराचसा बंगालच्या उपसागराकडून येतो. आरसकुंड कोरडं पडलं त्या काळात तिथे पाऊस घटला होता, पण तुटला नव्हता. आणि आरसकुंडाच्या काठावरून माणसं गेली, त्याच सुमारास तिथे तांबडी रेघ वर चढली होती. पाचपैकी चार वेळा. तीच माणसं की दुसरी, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. पण रेघ चढली होती.

नंदाताईंनी ते उचललं आणि मग त्या थांबल्या नाहीत. मंत्रालयात चकरा मारल्या, तिकडच्या दोन ग्रामपंचायतींशी बोलणी केली, नव्या वसाहतीला मंजुरी मिळवली. ज्यांना जायचं त्यांनी जावं, जबरदस्ती नाही. उसाला तळ्याचं पाणी द्यायचं नाही, हा ठराव त्यांनी एका मताच्या फरकाने का होईना, पण करून घेतला. कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. त्यांच्या घरावर दगड आले. सख्ख्या दिराने त्यांच्या घरचं पाणी पिणं सोडलं. त्याचा ऊस होता.

आणि त्या वर्षी पाऊस आला. आला म्हणजे कोसळला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडीप अशी नव्हतीच.

गावातल्या निम्म्याहून कमी लोकांनी नावं दिली होती. ते निघाले त्या सकाळीही धो धो पडत होता. ट्रक चिखलात रुतत होते आणि मागे राहणारे त्यांना धक्के मारून काढत होते. ताडपत्रीखाली भांडी, गाद्या, शिवणयंत्रं, शेळ्या, म्हाताऱ्या. रस्त्याच्या कडेला उभे असलेले काही जण ओरडून विचारत होते, "कुठं निघाले रे, दुष्काळात?" आणि ट्रकमधले लोक ओशाळून खाली बघत होते. नंदाताईंचा मुलगा, सून आणि नातू त्यांतल्याच एका ट्रकमध्ये होते. नंदाताई स्वतः मागे राहणार होत्या.

केतकी बापाशेजारी छत्रीत उभी होती. पाणी तिच्या चपलांवरून वाहत होतं. आपण चुकलो असलो तर? पाच वेळा झालं म्हणून सहाव्यांदा होईलच कशावरून? शेकडो घरं आपण मोडली. तिने मनातल्या मनात, अगदी कळवळून, आपण चुकलेलं असावं अशी इच्छा केली.

"बाबा, मी चुकले असले तर?"

"तर ते परत येतील आणि तुला शिव्या घालतील," त्र्यंबकराव म्हणाले. "मला चालेल ते."

शेवटचा ट्रक वळणाआड गेला तरी ते दोघं तिथेच उभे होते.

*

पुढच्या वर्षी मृग कोरडा गेला. लोक म्हणाले, होतं असं. आर्द्रा कोरड्या गेल्या. पुनर्वसूत एकदा आभाळ भरून आलं. सगळे अंगणात येऊन उभे राहिले. वारा सुटला आणि आभाळ निघून गेलं. जुलैअखेर पेरलेलं जळलं. ऑगस्टमध्ये राज्यभरातली धरणं उघडी पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. हवामानाची अद्ययावत प्रारूपं चालवणारी मोठमोठी माणसं टीव्हीवर गोंधळलेल्या चेहऱ्याने बसू लागली, आणि एक दिवस त्यांतल्या एकाने आरसकुंडाचं नाव घेतलं.

त्याच आठवड्यात त्र्यंबकरावांना कामावर परत घेतल्याचा आदेश निघाला. तो घेऊन नंदाताई स्वतः प्लांटवर आल्या. केतकीही पुण्याहून आली होती. तिघं मिळून तळ्यावर गेले. पाण्याची पातळी काठापासून पुष्कळ खाली गेली होती, आणि हिरवा थर दगडांवर वाळून त्याच्या खपल्या उडत होत्या.

"केतकी, खरं सांग," नंदाताई म्हणाल्या. "आपुन उसाले पाणी दिलं असतं, लोक गेले नसते, कारखाना चालला असता. मंग काय झालं असतं?"

केतकीने तो हिशेब केव्हाच केला होता आणि कुणालाही सांगितला नव्हता.

"पुढची होळी आली असती, पण पाणी उरलं नसतं, ताई."

नंदाताई मटकन दगडावर बसल्या. मृत्यू अंगाला चाटून गेल्याचं मागाहून कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"आन् आता?"

"आता जपून वापरलं तर पाचसहा वर्षं निघतील."

"आणि दुष्काळ किती वर्षांचा?" हा प्रश्न त्र्यंबकरावांचा होता. ते पाण्याकडे बघत विचारत होते. "तुझ्या गाळात लिहिलंय ना ते? मागचे किती चालले होते?"

"सगळ्यात छोटा नऊ. सगळ्यात मोठा एकोणीस."

"मग तेवढं धरून चालू."

केतकीने नकारार्थी मान हलवली. त्र्यंबकरावांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"तसं धरता येत नाही, बाबा." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "त्या पाचही वेळी समुद्र तापला आणि मग आपोआप निवला. निवला म्हणून पाऊस परत आला. आता तो इतका तापलाय की चार हजार वर्षांत तसा कधी नव्हता, आणि निवायचं काही चिन्ह नाही. सुरुवात कशी होते ते गाळाने मला सांगितलं. शेवट कधी होतो, ते या वेळेला त्यालाही माहीत नाही."

नंदाताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वाळलेल्या शेवाळाची एक खपली वाऱ्याने उडून त्र्यंबकरावांच्या पायाशी आली. मग ते चढाव उतरून प्लांटकडे चालू लागले, नेहमीपेक्षा भरभर. केतकी त्यांच्यामागून धावली.

"बाबा, कुठे निघालात?"

"संध्याकाळचं पाणी सोडायची वेळ झाली," ते न थांबता म्हणाले. "आजपासून अर्धंच सोडू."